भिजले नाहीत, ठेवलेत

दर रविवारी सकाळी माझा फोन माझ्याकडे माझीच चहाडी करतो. गेल्या आठवड्यात रोजचे सरासरी पाच तास अकरा मिनिटं, त्याच्या आधीच्या आठवड्यापेक्षा नऊ टक्के जास्त. दिवसातून फोन उचलला एकशे बत्तीस वेळा. सोबत रंगीत खांब, माझ्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात कधी नव्हते इतके सुबक.

हे वाचायला फोन उचलला तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती. खाली ठेवला तेव्हा नऊला पाच कमी. मधल्या वेळात मी कोकणातल्या एका गृहस्थाने फणस फोडलेला पाहिला, बारा वर्षांत ज्याच्याशी एक शब्द बोललो नाही अशा वर्गमित्राच्या मुलीचं केळवण पाहिलं, आणि कुठल्याशा बाईने सासूला दिलेलं उत्तर ऐकलं. उत्तर चांगलं होतं. दोनदा ऐकलं.

पाच तास अकरा मिनिटांत माणूस सिंहगड चढून, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खाऊन, खाली उतरून घरी येऊन झोपतो. मी रोज एक सिंहगड करतो, फक्त पलंगावर आडवा पडून.

ही चहाडीची सोय २०१८ साली आली. गूगल आणि अ‍ॅपल या दोघांनाही एकाच वर्षी आमच्या तब्येतीची काळजी वाटू लागली. गुत्तेवाल्याने भिंतीवर फळा टांगावा आणि प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावापुढे रोजचे ग्लास खडूने मांडावेत, त्यातला हा प्रकार. हिशेब चोख, अक्षर सुंदर, गुत्ता चालू. शिवाय स्वतःला मर्यादा घालून घ्यायचीही सोय आहे. मी व्हिडिओंना दिवसाला अर्धा तास घातली. एकतिसाव्या मिनिटाला पडद्यावर वाळूचं घड्याळ येतं, वेळ संपली म्हणतं आणि लगेच हळूच विचारतं, पंधरा मिनिटांनी आठवण करू, की आजच्यापुरतं सोडून देऊ? एकादशी आणि दुप्पट खाशी असं ज्याने म्हणून ठेवलंय, त्याच्याकडे फोन नव्हता, पण बटण मात्र त्याला बरोबर ठाऊक होतं.

बोटाला ही चटक लागते कशी, हे समजून घ्यायला कॅलिफोर्नियापर्यंत जायची गरज नव्हती, वरळीपर्यंत गेलं तरी पुरे होतं. साठच्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी मुंबईला मटका लावला. आकडा लागेल की नाही हे कोणालाच ठाऊक नसणं, सगळी मेख त्यात. रोज लागला असता तर त्याला पगार म्हटलं असतं, कधीच लागला नसता तर माणसं कंटाळून घरी गेली असती. अधूनमधून लागायचा, म्हणून घर विकेपर्यंत कोणी उठलं नाही. आता पडदा बोटाने खाली ओढून सोडायचा, वर एक चाक गरगरतं, क्षणभर श्वास अडकतो आणि काहीतरी पडतं. बहुतेक वेळा मेव्हण्याचं सुप्रभात पडतं. पण कधीतरी खरंच आकडा लागतो, कोणीतरी आपल्या लेखाचं कौतुक केलेलं असतं, आणि पुढचे चार दिवस बोट ओढतच राहतं. ओढून सोडण्याची ही कळ २००९ साली लॉरेन ब्रिक्टर नावाच्या तरुणाने ट्विटरच्या एका अ‍ॅपसाठी केली. पान कधी संपूच द्यायचं नाही ही युक्ती त्याआधीची, २००६ची, अ‍ॅझा रॅस्किनची. रॅस्किनने पुढे त्याबद्दल चारचौघांत हळहळ व्यक्त केली. ती बातमीही मी सरकवत सरकवतच वाचली.

मटक्याची तरफदारी करायची नाही, पण त्याला निदान ओपन होता तसा क्लोज होता. दोन आकडे फुटले की पंटर घरी जायचे, बायकोशी भांडायचे, झोपायचे. खिशातल्या मटक्याला ओपन आहे, क्लोज नाही. आपल्याकडे तर प्रत्येक गोष्ट संपवायची रीत होती. कीर्तन आरतीने संपतं, जेवण ताकभाताने, वर्तमानपत्र शेवटच्या पानावरच्या क्रिकेटने आणि भांडण ‘जाऊ दे, मी आता काही बोलतच नाही’ने. आमची आई रात्री पसायदान ऐकून झोपते. हल्ली पसायदान संपतं आणि त्याच दमात, कोणी न विचारता, पोट साफ होण्याचे सात घरगुती उपाय सुरू होतात. ज्ञानदेवांनी विश्वात्मक देवाकडे मागायचं ते सगळं मागून झाल्यावरही यूट्यूबला वाटतं की एक मागणं राहिलं. आई ते सातही ऐकते. परवा रात्री साडेअकराला ती मला म्हणाली, “एरंडेल संपलंय का रे?”

आजार आला की वैदू मागोमाग येतोच. सह्याद्रीच्या पायथ्याशी आता अशी रिसॉर्टं निघाली आहेत जिथे दोन रात्रींचे दहा-बारा हजार घेऊन तुमचा फोन काढून घेतात. पूर्वी हेच काम लोकलच्या गर्दीत फुकट व्हायचं. या मौनाची जाहिरात मला इन्स्टाग्रामवर दिसली आणि बुकिंग फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर होतं. इगतपुरीला धम्मगिरीवर विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरातही फोन जमा करावा लागतो, पण तिथे फी नाही, ज्याला जे द्यायचं ते शिबिर पार पडल्यावर दान. आमचा एक मित्र तिथून परतला. दहा दिवस श्वासावर लक्ष ठेवून चेहरा असा धुतल्यासारखा झाला होता. इगतपुरी स्टेशनवर त्याने फोन चालू केला आणि दोन हजारांवर निरोप धाडधाड कोसळले. कसाऱ्यापर्यंत त्याने अर्धे वाचले, कल्याणला येईपर्यंत एका ग्रुपवर त्याचं भांडण झालं होतं.

फोन सोडा म्हणणाऱ्यांना मला एकदा कोथिंबीर आणायला पाठवायचंय. मी प्रयोग म्हणून फोन घरी ठेवून गेलो होतो. जुडी घेतली, वीस रुपये झाले, मी शंभराची नोट पुढे केली.

“सुट्टे न्हाईत, स्कॅन करा.”

“फोन नाही आणला.”

मावशींनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. “हरवला का?”

“नाही, मुद्दाम घरी ठेवला.”

त्या शेजारच्या बटाटेवालीकडे वळून काहीतरी पुटपुटल्या, मग जुडी माझ्या पिशवीत टाकत समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या मग दादा. बरं वाटलं की द्या.”

गॅसचं बुकिंग फोनवर, वीजबिल फोनवर, बँकेचा ओटीपी फोनवर, सोसायटीच्या फाटकावर पाहुणा आला तर त्याला आत सोडायचं की नाही हेही फोनवर. ज्या डबीत तंबाखू आहे त्याच डबीत रक्तदाबाची गोळी ठेवलीय, आणि डॉक्टर म्हणतात डबीला हात लावू नका.

मुलाच्या कॉलेजाने मध्यंतरी पालकसभा घेतली. विषय होता ‘मुलांना मोबाईलपासून वाचवा’. तज्ज्ञ बाईंनी छान स्लाइड दाखवल्या, पालकांनी त्या स्लाइडचे फोटो काढले. माझ्या पुढच्या रांगेतले एक गृहस्थ सभाभर फोनवर शेअरचे भाव पाहत होते आणि प्रश्नोत्तराच्या वेळी उठून तेच म्हणाले, “मॅडम, आजच्या पिढीला संयमच राहिला नाहीये.” टाळ्या पडल्या. मी घरी पोचायच्या आत त्याच कॉलेजाचा ग्रुपवर निरोप आला होता, उद्याच्या असाइनमेंटची पीडीएफ सोबत जोडली आहे, विद्यार्थ्यांनी रात्री दहाच्या आत पाहावी. चिरंजीव अकरावीत आहेत. त्यांनी निरोप मला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाले, “बाबा, मला वाचवा.”

मीही उपाय केले नाहीत असं नाही. पडदा काळा-पांढरा केला की ओढ कमी होते असं ऐकलं होतं. केला. ओढ कमी झाली, पण एक गोंधळ झाला. बायकोने बाजारातून हापूसच्या पेटीचा फोटो पाठवून ‘घेऊ का’ विचारलं, मला ते बटाटे वाटले आणि मी ‘आहेत घरात’ असं कळवलं. त्या वर्षीची पहिली पेटी अशी गेली. चिरंजीवांनी माझ्या खांद्यावरून डोकावून, “दूरदर्शन लागलंय का?” असंही विचारून घेतलं. मग सूचनांची टिंगटिंग बंद केली. फोन आला तर वाजावा, बाकी कोणी वाजू नये. हा उपाय मात्र खरंच लागू पडला. ज्याला खरंच काम असतं तो फोन करतो, आणि फोन करणारे लोक जगात किती कमी उरलेत हेही त्यानिमित्ताने समजलं. दोन दिवस तर मला वाटलं, सिमकार्डच गेलं.

खरा घोटाळा सकाळचा. गजर फोनमध्ये, म्हणून फोन उशाशी, म्हणून डोळा उघडताच पहिलं दर्शन फोनचं. कराग्रे वसते म्हणत तळहात पाहायची आपली जुनी पद्धत, तळहात अजून पाहतोच आपण, त्यावर फक्त सहा इंचाची काच आली. म्हटलं गजराचं घड्याळ घेऊ. तुळशीबागेच्या बाजूला घड्याळाच्या एका जुन्या दुकानात गेलो.

“किल्लीचं गजराचं घड्याळ आहे का?”

“शोपीस म्हणून हवंय?” दुकानदार.

“नाही, उठायला.”

“मोबाईलमध्ये गजर असतो की. फुकट.” गिऱ्हाइकाला माल न विकता सल्ला देण्याची आमच्या गावची परंपरा त्यांनी राखली होती. मी चिकाटी सोडली नाही. शेवटी त्यांनी माळ्यावरून एक काढून दिलं, पुसून, किल्ली देऊन. घरी आणलं तर त्याची टिकटिक अशी की रात्री दोनला उठून ते न्हाणीघरात ठेवावं लागलं. उठल्यावर झोप येईना, म्हणून फोन पाहिला.

एवढं सगळं झाल्यावर मला आठवलं ते वडगाव. माझं आजोळ तिकडचंच, पलूसकडचं, साखर कारखान्याच्या भोंग्यावर घड्याळ लावणारा तो मुलूख. २०२२च्या गुढीपाडव्याला शिवाजी पार्कवरच्या सभेत मशिदींवरच्या भोंग्यांचा विषय निघाला आणि पुढे सगळा उन्हाळा महाराष्ट्र भोंग्यांवरून भांडला. टीव्हीवर, मैदानात, कोर्टात, आणि अर्थात फोनवर. त्याच वर्षी ऑगस्टात, सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने एक भोंगा विकत आणला आणि तो देवळावर चढवला. रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजे. वाजला की गावात टीव्ही बंद, मोबाईल बंद. साडेआठला पुन्हा वाजला की मोकळीक. करोनाच्या टाळेबंदीत शाळा फोनमध्ये शिरली होती, नंतर शाळा फोनमधून बाहेर आली पण पोरं आतच राहिली, ही तक्रार. सरपंच विजय मोहिते यांनी गावातल्या बायकांची सभा घेतली, तिथे हे ठरलं. पहिल्या पहिल्यांदा लोकांना पटेना, हसलेही. मग शिक्षक, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघर फिरून पाहायचे, कोणाच्या खिडकीत निळा उजेड आहे का.

मला यात भावतं ते दीड तासाचं सात ते साडेआठ असणं. ज्याने कधी मराठी घरात संध्याकाळ काढलीय त्याला विचारा ही वेळ कोणाची. मालिकांची. नायिकेच्या विरुद्ध रोज एक कारस्थान होतं ते याच दीड तासात. पोरांनी अभ्यास करावा म्हणून ज्या आयांनी हात वर केले, त्यांनी त्यासोबत आपल्या मालिका सोडल्या. कुठल्याही आईने एकटीने ‘मी बघत नाही, तूही बघू नकोस’ म्हटलं असतं तर तिसऱ्या दिवशी शेजारच्या घरातून शीर्षकगीत ऐकू आलं असतं आणि व्रत मोडलं असतं. इथे शेजारचंही बंद. हुकतंय काही असं वाटायला कोणी काही बघतच नव्हतं. आणि कोणाच्याही मनोनिग्रहावर विश्वास ठेवायची गावाला गरज पडली नाही. मनोनिग्रह देवळावर टांगला होता, विजेवर चालत होता.

पुढे नोव्हेंबरात यवतमाळच्या पुसद तालुक्यात बान्सी गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंद असा ठराव केला. हेतू चांगला, पण मला ती अठराची रेघ खटकते. दारूचं, मतदानाचं, लग्नाचं वय असतं हे समजू शकतो. रात्री जेवताना ताटाशेजारी फोन उभा करून जेवणारे मी पाहिलेत ते सगळे मतदार आहेत.

तर आपल्याही घरी भोंगा हवा असं मी रात्रीच्या जेवणात मांडलं. बायको म्हणाली, आहे की. आमच्याकडे आठच्या सुमाराला कुकर लागतो. तिसरी शिट्टी झाली की फोन जमा, जेवणं होऊन भांडी घासायला पडेपर्यंत. जागा तांदळाचा मोठा डबा, ओट्याखालचा. तिथे ठेवला की बोट सहज जात नाही, वाकावं लागतं, झाकण करकचून बसतं ते दोन्ही हातांनी ओढावं लागतं, आणि झाकण निघताना असा आवाज होतो की बाहेरच्या खोलीत बसलेल्यालाही कळतं. आईचा फोनही जमा, हे तिला आधी पटलं नाही. “मी कुठे बघते?” ती म्हणाली. तिच्या फोनची चहाडी तिला दाखवली. तिने चष्मा पुसून आकडा पुन्हा पाहिला आणि फोन मुकाट तांदळात खोचला. चार तास दहा मिनिटं होती. माझ्यापेक्षा कमी, हे तिने दोनदा ऐकवलं.

पहिल्या संध्याकाळी चौघंही एकमेकांकडे असे बघत बसलो जसे दवाखान्याच्या बाहेर बसतात. माझा हात आपोआप खिशाकडे जायचा, रिकामा परत यायचा. मोजलं नाही, पण जेवण होईपर्यंत वीसेकदा गेला असेल. फोनपेक्षा हातालाच जास्त सवय आहे, डोकं बिचारं मागून येतं. दुसऱ्या दिवशी आईने शेंगा भाजल्या आणि चिरंजीवांना आजोबांनी बजाजची स्कूटर नंबर लावून किती वर्षांनी मिळवली ती गोष्ट सांगितली. चिरंजीव म्हणाले, “म्हणजे डिलिव्हरी ट्रॅक करता येत नव्हती?” तिसऱ्या दिवशी तेच आपल्या आईशी भांडले, पण तोंडाने, समोरासमोर, बऱ्याच दिवसांनी. तांदळात अधूनमधून फोन थरथरले की डब्यात उंदीर शिरल्यासारखा आवाज व्हायचा आणि आम्ही न ऐकल्यासारखं करायचो.

चौथ्या दिवशी तिसरी शिट्टी झाली, फोन डब्यात गेले, ताटं मांडली आणि बेल वाजली. समोरच्या फ्लॅटमधल्या वहिनी, हातात वाटी. पाहुणे अचानक आलेत, वाटीभर तांदूळ मिळतील का. बायकोने दोन्ही हातांनी झाकण ओढलं.

“अगंबाई,” वहिनी डब्यात डोकावून म्हणाल्या, “सगळ्यांचेच भिजले?”

“भिजले नाहीत, ठेवलेत,” बायको म्हणाली, थोड्या अभिमानाने. आणि सगळं सांगितलं, वडगाव, भोंगा, कुकर.

वहिनींना फार आवडलं. हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकायलाच हवं म्हणत त्यांनी वाटी ओट्यावर ठेवली, आपला फोन काढला आणि डब्याचा वरून फोटो घेतला. मग पडद्यावर दोन बोटं पसरत म्हणाल्या, “पण चौघं ना तुम्ही? यात तीनच दिसतायत.”

तेवढ्यात फोटो ग्रुपवर पोचला. डबा गुरगुरला. आणि त्याच वेळी, माझा डावा खिसा.